नवदांपत्याचा रेल्वे प्रवास : मोजक्या रजेत अनेक शहरांचे नियोजन

विवाह सोहळ्याची तयारी महिनोन् महिने चालते. मांडव, पंगत, मानपान, आहेर यांच्या याद्या वारंवार तपासल्या जातात. परंतु विवाहानंतर नवदांपत्याने जो पहिला स्वतंत्र प्रवास करावयाचा, त्याची आखणी मात्र बहुधा एखाद्या संध्याकाळी नकाशावर बोट फिरवून उरकली जाते. परिणामी आठ-दहा दिवसांच्या रजेत सात-आठ गावे कोंबली जातात आणि प्रवासाचा बराच काळ फलाटावर, रिक्षात आणि सामान बांधण्या-सोडण्यात निघून जातो. घरी परतल्यावर छायाचित्रे उरतात, पण दोघांना निवांत बोलावयास मिळालेला वेळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच असतो.

पूर्वी विवाहानंतरचा प्रवास म्हणजे कुलदैवताचे दर्शन होय. जेजुरी, तुळजापूर, कोल्हापूर किंवा गोव्यातील मंगेशी, शांतादुर्गा येथे घरातील वडीलधाऱ्यांसह जाऊन यावे, असा प्रघात होता आणि तो आजही टिकून आहे. त्याच्या जोडीला गेल्या काही दशकांत मधुचंद्राच्या सहलीची प्रथा शहरांतून तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली आहे. शिक्षक, कर्मचारी, लहान व्यावसायिक व शेतकरी कुटुंबांतील तरुण दांपत्ये अशा सहली करू लागली आहेत. त्यांच्यापाशी रजा मोजकी असते व विवाहाच्या खर्चामुळे हातही आखडलेला असतो. अशांना रेल्वे हेच सर्वांत परवडणारे साधन ठरते. मात्र रेल्वेचा प्रवास किफायतशीर आणि सुखाचा व्हावयाचा तर तो रेल्वेच्या चालीने आखावा लागतो. ही आखणी कशी करावी, याचा एका प्रत्यक्ष मार्गाच्या आधारे विचार करणे उपयुक्त ठरेल.

दिवस आधी, गावे नंतर

नियोजनाची सुरुवात गावांच्या यादीपासून न करता दिवसांच्या मोजणीपासून करावी. प्रथम रजेचे एकूण दिवस मांडावेत. शासकीय कर्मचाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की, अर्जित रजेच्या कालावधीत मध्ये येणारे रविवार व सुट्ट्याही रजेचे दिवस म्हणूनच धरले जातात. त्यानंतर परतल्यावरचा एक पूर्ण दिवस राखून ठेवावा. रात्री उशिरा घरी पोहोचून दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गावर अथवा कार्यालयात हजर होण्याचा बेत कागदावर सोपा दिसतो, पण गाडी चार तास उशिरा आली की तो कोलमडतो.

उरलेल्या दिवसांना दोन साधे निकष लावावेत. पहिला असा की, ज्या गावी मुक्काम करावयाचा तेथे शक्यतो दोन रात्री काढाव्यात. एका रात्रीच्या मुक्कामात पोहोचण्याचा दिवस आणि निघण्याचा दिवस दोन्ही अर्धे वाया जातात. दुसरा निकष असा की, लागोपाठ दोन रात्री गाडीत काढू नयेत. पहिल्या रात्रीचा शीण माणूस सोसतो. दुसऱ्या रात्रीनंतर मात्र कितीही रम्य स्थळ असले तरी डोळे मिटू लागतात.

हे निकष लावले की गावांची संख्या आपोआप ठरते. दहा-अकरा दिवसांत मुख्य मुक्काम चार होऊ शकतात. पाचवे गाव घ्यावयाचे असल्यास पहिल्या चारांपैकी एकाच्या वाट्याचा वेळ कमी करावा लागतो.

एक नमुना आराखडा

उदाहरणादाखल मिरज-सांगली परिसरातील एक दांपत्य दक्षिणेकडे जावयास निघाले आहे, असे समजावे. त्यांच्या पहिल्या यादीत बंगळूर, म्हैसूर, उटी, कोडाईकनाल, कन्याकुमारी, कोची, आलप्पुळा आणि गोवा अशी आठ नावे आहेत. नकाशावर ती एकमेकांजवळ दिसतात. प्रत्यक्षात कोडाईकनालला रेल्वे नाही. पायथ्याचे कोडाई रोड स्थानक डोंगरावरील गावापासून सुमारे ८० किलोमीटर दूर आहे. कन्याकुमारी एर्नाकुळमपासून सुमारे ३०० किलोमीटरवर आहे आणि त्याच मार्गाने परत यावे लागते. या दोन स्थळांपायी स्थूलमानाने चोवीस तासांचा जादा प्रवास वाढतो. तो रात्रीच्या झोपेत उरकणारा नसून बहुतांशी दिवसाच करावा लागणारा असतो. सबब ही दोन नावे पुढील सहलीसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे होय. बंगळूर हे गाडी बदलण्याचे ठिकाण मानावे आणि आलप्पुळा कोचीहून एका दिवसात करून यावे. अशा रीतीने म्हैसूर, उटी, कोची आणि गोवा हे चार मुख्य मुक्काम उरतात.

आता वारांनिशी आराखडा मांडता येतो.

पहिला दिवस, शुक्रवार : मिरजेहून दुपारनंतर बंगळूरकडे निघणाऱ्या गाडीने प्रस्थान. बेळगाव, लोंढा, धारवाड, हुबळी या मार्गाने सुमारे ७५० किलोमीटरचे हे अंतर चौदा-पंधरा तासांत रातोरात कापले जाते.

दुसरा दिवस, शनिवार : सकाळी बंगळूर. तेथून म्हैसूर सुमारे १४० किलोमीटर असून दिवसभर गाड्या आहेत. दुपारपर्यंत म्हैसूरला पोहोचून विश्रांती घ्यावी.

तिसरा दिवस, रविवार : म्हैसूर. सकाळी चामुंडी टेकडी, दुपारी राजवाडा. जुना लाकडी राजवाडा १८९७ साली आगीत नष्ट झाल्यावर उभारलेली सध्याची वास्तू १९१२ मध्ये पूर्ण झाली. रविवारी व सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी काही काळ राजवाड्यावर जवळपास एक लाख दिवे उजळतात. मुक्कामात रविवार आणण्याचे कारण हेच.

चौथा दिवस, सोमवार : म्हैसूरहून उटीस थेट रेल्वे नाही. येथे रेल्वेचा आग्रह सोडून राज्य परिवहनाच्या बसने जावे. अंतर सुमारे १२५ किलोमीटर असून चार ते पाच तास लागतात. रस्ता बंडीपूर व मुदुमलाईच्या अरण्यातून जातो. वन्य प्राण्यांच्या सुरक्षिततेसाठी बंडीपूरमधून रात्री ९ ते सकाळी ६ या वेळेत, मोजके अपवाद वगळता, वाहतूक बंद असते. त्यामुळे सकाळीच निघावे.

पाचवा दिवस, मंगळवार : उटी. १८४८ साली स्थापन झालेले शासकीय वनस्पती उद्यान आणि २,६३७ मीटर उंचीचे दोड्डबेट्टा शिखर ही दोन स्थळे एका दिवसास पुरेशी आहेत.

सहावा दिवस, बुधवार : दुपारी निलगिरी पर्वतीय रेल्वेने मेट्टुपाळयमपर्यंत उतरावे, तेथून कोइंबतूरची गाडी घेऊन रात्रीचा मुक्काम कोइंबतूरला करावा. केवळ झोपेपुरता असलेला हा एक रात्रीचा मुक्काम दोन रात्रींच्या निकषास अपवाद आहे. तो टाळून त्याच रात्री पुढे जाणे शक्य असते, पण मग एर्नाकुळमला अपरात्री उतरावे लागते.

सातवा दिवस, गुरुवार : सकाळच्या गाडीने पालघाट खिंडीतून त्रिचूरमार्गे एर्नाकुळम. सुमारे चार तासांचा प्रवास. संध्याकाळी फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावरील चिनी पद्धतीची मासेमारीची जाळी पाहावीत.

आठवा दिवस, शुक्रवार : सकाळी रेल्वेने आलप्पुळा. अंतर ५७ किलोमीटर. दिवसभर खाडी व कालव्यांतून नौकाविहार करून रात्री परत.

नववा दिवस, शनिवार : सकाळी फोर्ट कोची व मट्टनचेरी. दुपारच्या सुमारास एर्नाकुळमहून मडगावची गाडी.

दहावा दिवस, रविवार : मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे मडगाव. दिवसभर व रात्री गोव्यात मुक्काम.

अकरावा दिवस, सोमवार : दुपारनंतर मडगावहून गोवा एक्सप्रेसने कुळे, लोंढा, बेळगावमार्गे रात्री मिरज.

बारावा दिवस, मंगळवार : घरी विश्रांती, राखीव.

या आराखड्यात एकूण प्रवास सुमारे ५५ तासांचा होतो. त्यापैकी जवळपास निम्मा दोन रात्रींच्या लांब गाड्यांत होतो. शुक्रवारी दुपारपासून दुसऱ्या सोमवारी रात्रीपर्यंतचे सुमारे २४७ तास धरल्यास एक पंचमांशाहून थोडा अधिक वेळ प्रवासात जातो. कोणताही बेत आखताना हा हिशेब मांडून पाहावा. प्रवासाचा वाटा एक तृतीयांशावर गेला की एखादे गाव वगळण्याची वेळ आली, असे समजावे.

गाडीच जेव्हा प्रेक्षणीय असते

या मार्गावरील दोन टप्पे असे आहेत की तेथे पोहोचण्यापेक्षा प्रवास करणे अधिक आनंदाचे असते. पहिला अर्थातच निलगिरीचा. मेट्टुपाळयम समुद्रसपाटीपासून ३२६ मीटरवर, तर उटी सुमारे २,२०० मीटरवर आहे. ही चढण ४६ किलोमीटरच्या मीटरमापी मार्गाने पार केली जाते. १८९९ मध्ये हा मार्ग कुन्नूरपर्यंत खुला झाला व १९०८ मध्ये उटीपर्यंत पोहोचला. कल्लार ते कुन्नूर हा भाग इतका तीव्र चढाचा आहे की तेथे दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी बसविलेली आहे. इंजिनाचे दातेरी चाक तिच्यात अडकते आणि गाडी घसरत नाही. मार्गावर १६ बोगदे आणि २५० पूल आहेत. २००५ मध्ये यास जागतिक वारसास्थळांच्या यादीत स्थान मिळाले. चढताना सुमारे पाच तास, तर उतरताना साडेतीन तास लागतात. नमुना आराखड्यात उतरण्याचा प्रवास निवडला आहे तो याच कारणासाठी. संपूर्ण मार्गाच्या जागा अत्यंत मर्यादित असतात. त्या न मिळाल्यास उटी ते कुन्नूर या भागातील छोट्या फेऱ्यांपैकी एकीने जावे व पुढे बसने उतरावे.

दुसरा टप्पा परतीच्या वाटेवर कुळे ते कॅसलरॉक या घाटाचा. पोर्तुगीज राजवटीत १८८० च्या दशकात बांधलेल्या या मार्गावर दूधसागर धबधबा अगदी रुळांजवळून दिसतो. हिवाळ्याअखेर पाण्याची धार रोडावलेली असते, तरी घाटाची शोभा कमी होत नाही. पुणे-मुंबईकडील दांपत्यांनी गोव्याहून परतताना कोकण रेल्वेची दिवसाची गाडी निवडावी. १९९८ च्या जानेवारीत पूर्णपणे खुल्या झालेल्या या मार्गावरील करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि रत्नागिरीजवळील ६४ मीटर उंचीचा पानवल पूल पाहण्यासाठी उजेड हवा. थोडक्यात, सपाट प्रदेश रात्री कापावा आणि घाट दिवसा पाहावा.

ऋतू आणि वार

महाराष्ट्रातील विवाहाचे मुहूर्त तुळशीविवाहानंतर सुरू होतात व ज्येष्ठ-आषाढापर्यंत चालतात. विवाह मे महिन्यात झाला म्हणून सहलही मे महिन्यातच केली पाहिजे, असे नाही. मे महिन्यात उटीस पुष्पप्रदर्शनाची व सुट्ट्यांची गर्दी असते आणि निवासाचे दर वाढलेले असतात. ही गर्दी एवढी वाढली की, २०२४ पासून निलगिरी जिल्ह्यात खासगी वाहनांना ई-पास सक्तीचा झाला. रेल्वे व सार्वजनिक बसने येणाऱ्यांस ही अडचण नाही. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेगळे वेळापत्रक लागू होते आणि गाड्यांचा वेग कमी ठेवला जातो. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पावसामुळे निलगिरीच्या लोहमार्गावर दरडी कोसळून गाडी रद्द होण्याचे प्रसंग येतात. या सर्वांचा विचार करता या मार्गासाठी जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीची अखेर हा काळ सर्वांत अनुकूल ठरतो. मात्र उटीच्या रात्री त्या दिवसांत कडाक्याच्या थंडीच्या असतात. त्यामुळे लोकरी कपडे हाताशी ठेवावेत.

वारांनाही तितकेच महत्त्व आहे. मट्टनचेरी येथील राजवाड्याचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते. म्हणून आराखड्यात शुक्रवार आलप्पुळ्यासाठी ठेवला आहे. तेथील १५६८ सालचे ज्यू प्रार्थनामंदिर शनिवारी बंद असते. ते पाहावयाचेच असेल तर गुरुवारी दुपारी कोइंबतूरहून वेळेवर पोहोचले पाहिजे. म्हैसूरचे प्राणिसंग्रहालय मंगळवारी बंद असते. अशा लहान गोष्टी आधी तपासल्या नाहीत तर शेकडो किलोमीटर जाऊन कुलूपबंद दारासमोर उभे राहण्याची पाळी येते.

आरक्षणाची दिनदर्शिका

१ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते. प्रवासाचा दिवस यात धरला जात नाही. पुष्कळांचा समज असा असतो की, एका दिवशी बसून सर्व तिकिटे काढता येतील. बहुशहरी प्रवासात हे शक्य नसते, कारण प्रत्येक टप्प्याचे आरक्षण वेगवेगळ्या दिवशी खुले होते. उदाहरणार्थ, प्रवास १२ फेब्रुवारीस सुरू होत असेल तर मिरज-बंगळूरचे तिकीट १४ डिसेंबरला सकाळी मिळू लागेल. १७ फेब्रुवारीच्या निलगिरी रेल्वेचे १९ डिसेंबरला, २० फेब्रुवारीच्या एर्नाकुळम-मडगाव गाडीचे २२ डिसेंबरला आणि २२ फेब्रुवारीच्या परतीच्या गाडीचे २४ डिसेंबरला. या तारखा भिंतीवरील दिनदर्शिकेवर खुणा करून ठेवाव्यात.

तिकिटे कोणत्या क्रमाने महत्त्वाची, हेही आधी ठरवावे. निलगिरी रेल्वे आणि रात्रीच्या दोन गाड्या यांच्या जागा निश्चित झाल्याखेरीज निवासाचे पैसे आगाऊ भरू नयेत, अथवा परतावा मिळणारीच नोंदणी करावी. बंगळूर-म्हैसूर किंवा एर्नाकुळम-आलप्पुळा यांसारख्या लहान टप्प्यांस पर्यायी गाड्या पुष्कळ असल्याने तेथे चिंतेचे कारण नाही.

प्रतीक्षायादीतील तिकिटावर बेत उभारू नये. यादी तयार झाल्यावरही प्रतीक्षेत राहिलेले ऑनलाइन तिकीट आपोआप रद्द होते आणि खिडकीवरील तशा तिकिटावर आरक्षित डब्यात बसता येत नाही. आरएसी तिकिटावर प्रवास करता येतो, परंतु बाजूच्या खालच्या एकाच बाकावर दोघांना बसून जावे लागते. तत्काळ योजनेतील आरक्षण गाडीच्या आरंभस्थानाहून निघण्याच्या आदल्या दिवशी, वातानुकूलित वर्गासाठी सकाळी १० व अन्य वर्गासाठी ११ वाजता खुले होते. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आधार पडताळणी आवश्यक झाली आहे. ही पडताळणी निघण्यापूर्वी घरीच पूर्ण करून ठेवावी.

ज्यांचा संपूर्ण प्रवास रेल्वेनेच वर्तुळाकार होऊन आरंभस्थानीच संपतो, त्यांच्यासाठी चक्री प्रवास तिकिटाची सोय आहे. त्यात जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरता येते आणि लांब अंतराच्या उतरत्या दराचा लाभ मिळतो. वरील आराखड्यात म्हैसूर-उटी हा टप्पा बसचा असल्याने सुटी तिकिटेच सोयीची ठरतात.

डबा, बाक आणि एकांत

नवदांपत्यास थोडा एकांत हवा असणे स्वाभाविक आहे. वातानुकूलित प्रथम वर्गात दोन बाकांची बंद खोली असते, परंतु ती मागितली म्हणून मिळेलच असे नाही. खोलीचे वाटप यादी तयार होताना केले जाते. त्या मानाने कमी खर्चाचा मार्ग म्हणजे मार्गिकेच्या बाजूचे खालचे व वरचे बाक. शयनयान डब्यात प्रत्येक आठ बाकांमागे सातवा व आठवा क्रमांक ही जोडी असते. म्हणजे ७ व ८, १५ व १६, २३ व २४ याप्रमाणे. दिवसा दोघांना समोरासमोर बसून खिडकीबाहेर पाहता येते. मात्र हे बाक लांबीस किंचित कमी असल्याने उंच व्यक्तीस रात्री अवघडल्यासारखे होते.

नाव, ओळखपत्र आणि स्थानक

नवविवाहितांच्या प्रवासात वारंवार येणारी एक अडचण नावाची आहे. विवाहात वधूचे नाव बदलले जाते, तिकीट हौसेने नव्या नावाने काढले जाते आणि ओळखपत्रावर मात्र माहेरचेच नाव असते. तिकीट नेहमी ओळखपत्रावर असलेल्या नावानेच काढावे. निवासाच्या ठिकाणीही दोघांची ओळखपत्रे मागितली जातात. विवाह नोंदणीच्या दाखल्याची एक प्रत सोबत असणे हितावह होय. तसेच तिकिटावरील स्थानकाचे नाव नीट वाचावे. बंगळूर शहरात क्रांतिवीर संगोळी रायण्णा, यशवंतपूर व सर विश्वेश्वरय्या टर्मिनल अशी वेगवेगळी स्थानके आहेत. एर्नाकुळममध्ये जंक्शन व टाउन अशी दोन आहेत. काही गाड्या कोइंबतूर मुख्य स्थानकात न येता पोदनूरमार्गे जातात.

दोन वेगवेगळ्या तिकिटांच्या गाड्यांमध्ये किमान तीन तासांचे अंतर ठेवावे. पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी चुकली तर त्या दुसऱ्या तिकिटाचे पैसे परत मिळतीलच असे नाही. एर्नाकुळमहून मडगावला येणाऱ्या गाड्या बहुधा अपरात्री पोहोचतात. तेव्हा आदल्या रात्रीपासून निवासाची नोंदणी करणे, अथवा स्थानकावरील विश्रांतिकक्ष आधी राखून ठेवणे, हे दोनच मार्ग उरतात. विश्रांतिकक्षाची नोंदणी निश्चित तिकिटाच्या क्रमांकावर करता येते. प्रवासात आजारपण, सुरक्षितता वा अन्य अडचण उद्भवल्यास १३९ हा रेल्वेचा मदत क्रमांक उपयोगी पडतो.

खर्चाचा पहिला संयुक्त हिशेब

खर्चाचे चार भाग करावेत : तिकिटे, निवास, भोजन आणि स्थानिक प्रवास. या चारही भागांची बेरीज झाल्यावर तिच्या किमान दशांशाइतकी रक्कम आकस्मिक खर्चासाठी वेगळी ठेवावी. अनुभव असा की, तिकिटांचा आकडा आधीच कळलेला असतो. अंदाज चुकतो तो रिक्षा, मोटार आणि खरेदी यांत. त्यास पर्याय आहेत. कोचीत २०२३ साली सुरू झालेली जलमेट्रो आणि आलप्पुळ्यातील राज्य जलवाहतूक विभागाच्या प्रवासी नौका यांतून अल्प दरात तेच पाणी आणि तेच काठ पाहता येतात, जे पाहण्यासाठी हाउसबोटीचे मोठे भाडे मोजले जाते. हाउसबोटीची हौस असेलच तर ती जरूर भागवावी, पण मग अन्यत्र एखादा खर्च कमी करावा लागेल हे दोघांनी मिळून ठरवावे.

'दोघांनी मिळून' हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. कित्येक घरांत विवाह ठरताना वधू-वरांची भेट मोजक्या वेळाच झालेली असते. कोणास पहाटे उठणे जमते, कोणास घाटात मळमळते, कोणास देवळे प्रिय व कोणास बाजार, हे एकमेकांस ठाऊक नसते. सहलीचा बेत वराने किंवा त्याच्या मित्रांनी परस्पर आखला की वधूला प्रवासात केवळ मागे मागे जावे लागते. त्याऐवजी गावांची यादी दोघांनी स्वतंत्रपणे लिहावी, प्रत्येकाने आपले एक अत्यावश्यक ठिकाण सांगावे आणि उरलेल्यांतून काय वगळावयाचे ते चर्चेने ठरवावे. रोजच्या कार्यक्रमात दुपारचे दोन-तीन तास मुद्दाम मोकळे ठेवावेत. संसारातील पुढील अनेक निर्णय याच रीतीने घ्यावे लागणार असतात.

गावपातळीवरील साहाय्य

ग्रामीण भागातील दांपत्यांना या बाबतीत शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व कर्मचारी यांचे मार्गदर्शन सहज मिळू शकते. विवाहाची नोंदणी ग्रामपंचायतीत वेळेवर होऊन दाखला हाती पडला तर पुढील अनेक कामे सुकर होतात. तिकिटांसाठी अनधिकृत मध्यस्थाकडे जादा पैसे भरण्याऐवजी रेल्वेची आरक्षण खिडकी, अशी सोय असलेली टपाल कार्यालये अथवा अधिकृत सेवा केंद्रे यांचा उपयोग करावा, ही माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचविणे अगत्याचे आहे. दुसऱ्याच्या वैयक्तिक खात्यातून काढलेले तिकीट ऐन प्रवासात रद्द ठरण्याचा धोका असतो. त्याची झळ मध्यस्थास नव्हे तर फलाटावर उभ्या असलेल्या दांपत्यास बसते.

निलगिरीत एकदा वापरून टाकावयाच्या प्लास्टिकच्या बाटल्या व पिशव्यांवर बंदी आहे. पाण्याची धातूची बाटली व कापडी पिशवी घरूनच न्यावी. प्रवासाचा पूर्ण आराखडा, गाड्यांचे क्रमांक व निवासाचे पत्ते यांची एक प्रत दोन्ही घरी ठेवावी, म्हणजे वडीलधाऱ्यांना रोज काळजीने विचारपूस करावी लागत नाही आणि दांपत्यासही निर्धास्तपणे फिरता येते. गाड्यांच्या वेळा अधूनमधून बदलतात. सबब निघण्यापूर्वी आठवडाभर आधी त्या पुन्हा तपासून घ्याव्यात.

सोमवारी रात्री मिरजेच्या फलाटावर उतरलेल्या दांपत्याने कन्याकुमारी पाहिलेली नसेल, कोडाईकनालही राहून गेले असेल. परंतु म्हैसूरची एक संध्याकाळ, डोंगर उतरणारी छोटी गाडी, आलप्पुळ्याच्या पाण्यावरील एक दुपार आणि घाटातला परतीचा प्रवास यांसाठी त्यांना पुरेसा वेळ मिळालेला असेल. मंगळवारचा दिवस घरी काढून बुधवारी दोघेही ताज्या मनाने आपापल्या कामावर रुजू होतील. राहून गेलेल्या गावांची यादी जपून ठेवावी. पुढील रजेच्या वेळी ती उपयोगी पडेल.